गुन्ह्याची भरपाई : चारशे बेचाळीस वर्षांचा हप्ता

हल्ल्यात जखमी झालेल्याला दवाखान्याचं बिल, बुडालेला रोजगार किंवा घरच्यांना अंत्यविधीचा खर्च सरकारतर्फे देणारे कायदे आज अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत आहेत. १९६५ पूर्वी ते एकाही राज्यात नव्हते.

कल्पना मात्र जुनीच. लुटारू सापडला नाही तर नुकसान शहराने आणि तिथल्या अधिकाऱ्याने भरून द्यावं, जीव गेला असेल तर एक मिना (सुमारे अर्धा किलो) चांदी द्यावी, असं प्राचीन बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या संहितेत आहे. अँग्लो-सॅक्सन इंग्लंडात मारेकरी मृताच्या नातलगांना रक्कम देई. पुढे गुन्हा हा राजाविरुद्धचा अपराध ठरला आणि दंड सरकारजमा होऊ लागला. ज्याचं डोकं फुटलं तो उरला निव्वळ साक्षीदार.

इंग्लंडच्या तुरुंगसुधारक मार्जरी फ्राय यांनी १९५७ मध्ये यावर नेमकं बोट ठेवलं. मारहाणीत आंधळ्या झालेल्या एका माणसाला ११,५०० पौंड मंजूर झाले होते. दोघा हल्लेखोरांनी प्रत्येकी आठवड्याला पाच शिलिंग (पाव पौंड) द्यायचे. शेवटचा हप्ता घ्यायला त्याला ४४२ वर्षं जगावं लागलं असतं! तेव्हा भरपाई सरकारनेच द्यावी, हा त्यांचा आग्रह. न्यूझीलंडने १९६३ मध्ये कायदा केला, ब्रिटनने १९६४ मध्ये योजना आणली.

१९६५ मध्ये कॅलिफोर्निया अमेरिकेतलं पहिलं राज्य ठरलं. पण काम सोपवलं समाजकल्याण खात्याकडे आणि अट घातली गरजूपणाची. म्हणजे पीडित हा हक्कदार नव्हे, अर्जदार. न्यूयॉर्कने १९६६ मध्ये स्वतंत्र मंडळ नेमलं.

राज्यांची ओढाताण पैशांची होती. ती सैल केली १९८४ च्या 'व्हिक्टिम्स ऑफ क्राइम ॲक्ट' या गुन्हेपीडितांसाठीच्या केंद्रीय कायद्याने. यातला निधी करातून नाही, तर केंद्रीय गुन्ह्यांतल्या दंडातून उभा राहतो. त्यामुळे एखाद्या बड्या कंपनीच्या दंडातून गल्लीतल्या चाकूहल्ल्याच्या टाक्यांचे पैसे निघू शकतात. पुढे कंपन्या खटल्याऐवजी तडजोड करू लागल्या, ती रक्कम निधीबाहेर जाऊ लागली आणि निधी आटला. २०२१ च्या दुरुस्तीने ही गळती बुजवली, शिवाय राज्यांच्या खर्चातला केंद्राचा वाटा ६० वरून ७५ टक्क्यांवर नेला.

अटी मात्र चिवट निघाल्या. आरोपीच्याच घरात पैसा जाऊ नये म्हणून अनेक राज्यांनी त्याच्यासोबत राहणाऱ्या नातलगांना वगळलं होतं. हेतू रास्त, पण नवऱ्याचा मार खाणारी बायकोच त्यामुळे बाहेर राहिली. केंद्राचा पैसा हवा तर घरगुती हिंसेचे बळी वगळता येणार नाहीत, हे १९८८ मध्ये सांगावं लागलं. पोलिसांत वेळेत तक्रार करण्याची अट बहुतेक ठिकाणी टिकली. अलीकडे काही राज्यांनी ती सैल केली आहे.