मिरचीच्या मलमाने आग का होते?

"मलम लावलं की आग होते, कातडी लाल होते. मग हे सूज उतरवतं की वाढवतं?" गुडघ्याच्या संधिवातासाठी ट्यूब नेणारे बहुतेक जण आम्हाला हेच विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर खोक्यावरच्या चार ओळींत मावत नाही.

आमच्या मलमात ०.०२५ टक्के कॅप्सेसिन आहे, म्हणजे मिरचीला तिखट करणारा घटक. त्वचेतल्या बारीक मज्जातंतूंच्या टोकांना उष्णता ओळखणारा एक रिसेप्टर (संदेश टिपणारे प्रथिन) असतो, टीआरपीव्ही-१. कॅप्सेसिनमुळेही तो उघडतो आणि त्वचा भाजलेली नसताना मेंदूला भाजल्याचा निरोप जातो. हा रिसेप्टर १९९७ मध्ये शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल मिळाले.

लाली मात्र मेंदूकडून येत नाही. तोच तंतू त्याच टोकातून त्वचेतही न्यूरोपेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांचे निरोप, सोडतो. त्यांपैकी सीजीआरपीमुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब आणि लाली. दुसरे सबस्टन्स पी, अवघ्या ११ अमिनो आम्लांची साखळी. त्याच्यामुळे वाहिन्यांतून द्रव झिरपतो आणि मास्ट पेशी (त्वचेतल्या संरक्षक पेशी) हिस्टामिन हे सूज आणणारे रसायन सोडतात. मॅक्रोफेज या संरक्षक पेशींच्या एनके-१ रिसेप्टरवर ते बसले, की पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी हा दाहाची जनुके चालू करणारा घटक कामाला लागतो आणि टीएनएफ, आयएल-६ असे दाह वाढवणारे संदेश तयार होऊ लागतात. जंतू नाही, जखम नाही, तरी सूज!

सगळी न्यूरोपेप्टाइड आगीत तेल ओतत नाहीत. व्हीआयपी नावाचे पेप्टाइड त्याच मॅक्रोफेजचा टीएनएफ कमी करते. सीजीआरपीही काही ठिकाणी तेच करते. म्हणून 'न्यूरोपेप्टाइड वाईट' असे सरसकट म्हणणे आम्हाला पटत नाही.

आता मूळ प्रश्न. हंगेरीतल्या सेगेडचे मिक्लोश यांचो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९६७ चा शोधनिबंध याचेच उत्तर देतो. प्राण्यांच्या त्वचेवर झोंबणारी रसायने लावली की दाह होई. पण तिथला मज्जातंतू आधीच निकामी केला, किंवा आधी कॅप्सेसिन देऊन ठेवले, तर तो दाह होत नसे. वारंवार कॅप्सेसिन लागले की तंतूचे टोक थंडावते. 'सबस्टन्स पी संपतो' एवढेच कारण अनेक ठिकाणी छापलेले असते, ते अपुरे आहे. टोकाची प्रतिसाद देण्याची ताकदच काही काळ जाते.

म्हणूनच मलम दिवसातून तीन-चार वेळा, रोज लावावे लागते. फरक कळायला काही आठवडे जातात. दुखेल तेव्हाच लावले तर आग तेवढी होते, गुण येत नाही. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर लगेच लावू नका, वरून शेक देऊ नका. कॅप्सेसिन नुसत्या पाण्याने निघत नाही, तेव्हा हात आधी तेलाने पुसा, मग साबणाने धुवा. बोटांच्या सांध्यांना लावले असेल तर अर्धा तास थांबून धुवा. डोळ्यांपासून दूर ठेवा. कातडी फुटलेली असेल तिथे लावू नका. फोड आले, किंवा सांधा एकाएकी लाल होऊन ताप आला, तर मलम बंद करून डॉक्टरांना दाखवा.