प्रोस्टेटची गोळी चालू असताना पीएसएचा आकडा कसा वाचावा

पीएसए हे मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीत बनणारे प्रथिन; प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका पाहण्यासाठी ते रक्तात मोजतात. त्यासाठी रक्त द्यायला येताना चालू गोळ्यांच्या स्ट्रिप्स सोबत आणा. कंपनीचे नाव सांगून भागत नाही, आतले घटक पाहावे लागतात. त्यात फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड असेल, तर रिपोर्टमधला आकडा जसाच्या तसा धरता येत नाही.

या औषधांमुळे टेस्टोस्टेरॉनपासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन (प्रोस्टेट वाढवणारे हार्मोन) बनणे कमी होते. वाढलेली ग्रंथी आकसते, तिच्या पेशी पीएसएही कमी बनवतात. सहा महिने ते वर्षभरात रक्तातला पीएसए साधारण निम्म्यावर येतो. म्हणून सहा महिन्यांहून जास्त काळ गोळी घेणाऱ्यांचा आकडा डॉक्टर दुप्पट धरतात. रिपोर्टवर २.६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असेल, तर तो ५.२ समजायचा. म्हणजे ४ ही नेहमीची मर्यादा ओलांडली, पण छापील रिपोर्टवर सगळे नॉर्मलच दिसते. कॅन्सरची शंका घ्यायला उशीर होतो तो इथेच.

दुप्पट करणे हाही ढोबळ हिशेब आहे. आमच्या मते आकड्याचा चढ त्याहून महत्त्वाचा. गोळी सुरू झाल्यावर पीएसए जितका खाली गेला होता, तिथून तो पुन्हा वाढू लागला, तर ४ च्या आत असला तरी मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवा. मधे गोळ्या चुकल्या असतील तर तेही सांगा, त्यानेही आकडा चढतो. जुने रिपोर्ट जपा आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा.

लघवी मोकळी होण्यासाठीच्या नुसत्या टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन किंवा सिलोडोसिनने पीएसए बदलत नाही. मात्र ०.४ मिलिग्रॅम टॅमसुलोसिन आणि ०.५ मिलिग्रॅम ड्युटास्टेराइड एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास दिल्या जातात, आणि 'मी फक्त लघवीची गोळी घेतो' असे सांगणाऱ्याला आतले ड्युटास्टेराइड माहीतही नसते. केस गळतात म्हणून घेतलेली १ मिलिग्रॅमची फिनास्टेराइडही पीएसए उतरवते, तीही सांगा.

तपासणीसाठी गोळी स्वतःहून बंद करू नका. पीएसए पूर्ववत व्हायला काही महिने लागतात. चार दिवसांच्या खंडाने काही साधत नाही. गोळी अजून सुरू व्हायची असेल, तर त्याआधी एकदा पीएसए करून घ्या.

फ्री पीएसएची, म्हणजे रक्तातल्या इतर प्रथिनांना न चिकटलेल्या पीएसएची, टक्केवारी दुप्पट करायची नाही. फ्री आणि टोटल दोन्ही बरोबरीने उतरतात.

उपाशीपोटी यायची गरज नाही. आधीचे दोन दिवस वीर्यस्खलन आणि सायकल टाळा. लघवीत जंतुसंसर्ग असेल तर पीएसए बराच वाढतो. तो बरा झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी या.