तळघरातील खिडकीभोवतीची लाकडी चौकट

उत्तर अमेरिकेत तळघर राहण्याजोगे करताना काँक्रीटच्या भिंतीच्या आत लाकडी सांगाड्याची दुसरी भिंत उभारतात. मध्ये खिडकी आली की त्या सांगाड्यात तिच्यापुरती मोकळी जागा चौकट बांधून राखावी लागते. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते. पाया त्या गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो आणि एवढे खोदल्यावर तळघर काढणे सोयीचे ठरते. अशा तळघरांच्या खिडक्या बहुधा छताजवळ, बाहेरच्या जमिनीच्या पातळीच्या आसपास असतात.

घराचा भार काँक्रीटची भिंत पेलते. आतला सांगाडा स्वतःचे आणि त्यावर ठोकलेल्या जिप्सम बोर्डाचे वजन धरतो, एवढेच. त्यामुळे भारवाही भिंतीत खिडकीवर घालतात तशी जाड तुळई इथे लागत नाही. इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड ही अमेरिकेतील नमुना बांधकाम संहिता भार न पेलणाऱ्या भिंतीत ८ फुटांपर्यंतच्या रुंदीवर रुंद बाजू खाली करून बसवलेले एकच ‘दोन-बाय-चार’ (इंच) लाकूड पुरेसे मानते. मात्र त्याच्या वरची खिळे ठोकण्याजोगी समांतर पट्टी २४ इंचांहून दूर नसावी. पुष्कळदा खिडकी इतकी वर असते की सांगाड्याची माथापट्टीच तिच्यावरून जाते आणि वेगळे आडवे लाकूड लागतच नाही. मजबुतीचा प्रश्न असा हलका झाल्यावर सगळे लक्ष ओलीकडे आणि मापांकडे द्यायला हवे. काम बिघडते ते याच दोन ठिकाणी.

दोन-बाय-चार म्हणून विकले जाणारे लाकूड प्रत्यक्षात ३८ × ८९ मिमी भरते. उभी लाकडे एकमेकांपासून १६ किंवा २४ इंचांवर, मध्यापासून मध्यापर्यंत मोजून लावतात. काँक्रीटची भिंत क्वचितच सरळ असते. म्हणून ओळंबा सोडून तिचा सर्वांत पुढे आलेला भाग शोधतात आणि सांगाड्याची रेषा तिथून धरतात. खिडकीच्या दोन्ही बाजूंना एकेक पूर्ण उंचीचे उभे लाकूड येते. त्यांच्यामध्ये खिडकीखाली आडवे लाकूड बसवून त्याला खालून आखूड उभ्यांचा आधार देतात. हे आखूड उभे मूळ १६ इंचांच्या आखणीवरच हवेत, नाहीतर बोर्डाच्या कडा अधांतरी राहतात. आडव्या लाकडाची उंची फरशीपासून न मोजता खिडकीवरून पाणसळीने उतरवून घ्यावी, कारण तळघराच्या फरशीला अनेकदा उतार असतो.

काँक्रीट जमिनीतली ओल शोषते. त्यामुळे तळपट्टीसाठी रसायनप्रक्रिया केलेले लाकूड वापरतात आणि सांगाडा व काँक्रीट यांच्यामध्ये थंडी रोखणाऱ्या कडक फोमचे तक्ते चिकटवतात. पुष्कळ कामांत हा फोम खिडकीच्या कडेला येऊन थांबतो. तिथे काँक्रीटची जाडी, साधारण ८ इंच, उघडी राहते आणि थंडीत घरातली उबदार हवा त्या गार पृष्ठभागाला लागून पाणी सुटते. खिडकीच्या कोपऱ्यांत बुरशी धरण्याचे हे एक मोठे कारण. उपाय सोपा आहे: फोमचा पातळ थर आत वळवून खिडकीच्या फ्रेमपर्यंत न्यायचा, सांधे बंद करायचे आणि त्यावर अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड लावायचा. फोम जळतो, म्हणून तो उघडा ठेवण्यास संहितेची सहसा मनाई असते. या दोन्ही थरांची जाडी धरूनच लाकडी चौकट मुळात मोठी ठेवावी लागते. चौकट काँक्रीटच्या भोकाएवढीच केली, तर फोमला जागाच उरत नाही.

झोपण्याची खोली असेल तर खिडकी ही आगीच्या वेळी सुटकेची वाट ठरते. वरील संहितेनुसार उघडलेल्या खिडकीची निव्वळ मोकळी जागा किमान ५.७ चौरस फूट, जमिनीलगतच्या खिडकीसाठी ५ चौरस फूट, हवी. उंची किमान २४ इंच, रुंदी किमान २० इंच आणि मोकळ्या जागेचा तळ फरशीपासून ४४ इंचांहून वर नसावा. किमान उंची आणि किमान रुंदी एकत्र घेतली तर जेमतेम ३.३ चौरस फूट होतात. म्हणजे निदान एक माप बरेच मोठे ठेवावेच लागते. कॅनडाच्या राष्ट्रीय संहितेत ०.३५ चौरस मीटर क्षेत्र आणि कोणतीही बाजू ३८० मिमीहून कमी नाही, असा नियम आहे. नियमात बसणारी खिडकी आतल्या अस्तराने अरुंद केली तर ती नियमाबाहेर जाते. तळाशी बिजागरी असून आत कलणाऱ्या खिडक्यांच्या बाबतीत हे विशेष जपावे: खोल आणि घट्ट चौकटीत त्यांचे तावदान अर्ध्यावरच अडते. बाजू आणि तळ खोलीकडे उतरते ठेवले तर तावदान मोकळे फिरते आणि वरून येणारा उजेडही खोलीत दूरवर पोहोचतो.

कोलोरॅडोमध्ये डेन्व्हरच्या परिसरात चिकणमाती पाण्याने फुगते आणि तळघराची फरशी वर उचलली जाते. तिथे सांगाडा वरच्या तुळयांना टांगून खाली फट सोडतात. ही फट नसेल तर फरशी आखूड उभ्यांना वर रेटते आणि खिडकीखालचे आडवे लाकूड वाकते. सांगाडा डोलू नये म्हणून टांगलेल्या सांगाड्याच्या तळपट्टीतून लांब खिळे फरशीवर पक्क्या केलेल्या दुसऱ्या पट्टीत सोडतात. त्यांच्यावरून फरशी वरखाली सरकू शकते.