गुरे

बोव्हिडी कुलातील बॉस या वंशाचे, रवंथ करणारे पाळीव प्राणी. व्यवहारात ‘गुरेढोरे’ म्हणताना म्हशीही धरल्या जातात. तथापि म्हैस ही ब्युबॅलस या निराळ्या वंशातील असून तिचा गायीशी संकर होत नाही, म्हणून ही नोंद गाय, बैल, वळू व त्यांची वासरे यांच्यापुरती आहे. मिथुन, याक आणि बाली बेटावरील गुरे बॉस वंशातीलच असली, तरी त्यांचे रानटी पूर्वज वेगळे आहेत.

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस याने १७५८ मध्ये वशिंड नसलेल्या गुरांना बॉस टॉरस आणि वशिंड असलेल्यांना बॉस इंडिकस अशी दोन नावे दिली. दुसऱ्या गटात वशिंडाखेरीज गळ्याखालची लोंबती पोळी आणि उष्णता व गोचीड सहन करण्याची क्षमता हे विशेष आढळतात. दोन्ही गटांत गुणसूत्रे ६० असतात. वाय गुणसूत्राच्या आकारात मात्र भेद दिसतो. त्यांची संकरज संतती प्रजननक्षम असल्यामुळे हे एकाच जातीचे दोन उपप्रकार मानणे अधिक सयुक्तिक वाटते, जरी जुनी नावे सवयीने चालू आहेत.

या दोन्ही गटांचा पूर्वज ऑरॉक्स (बॉस प्रायमिजिनियस) हा रानबैल होय. यूरोप, आशिया व उत्तर आफ्रिका येथे पसरलेल्या या प्राण्याची शेवटची ज्ञात गाय पोलंडमधील याक्तोरूव्हच्या जंगलात १६२७ मध्ये मेली. तो प्रथम कोठे माणसाळला, याविषयी दीर्घकाळ वाद आहे. वशिंड नसलेल्या गुरांबाबत आता बरेचसे मतैक्य असून, युफ्रेटीस व टायग्रिस नद्यांच्या वरच्या खोऱ्यांत, सुमारे १०,५०० वर्षांपूर्वी हे घडले असावे, असे सिरियातील द्जादे व तुर्कस्तानातील चायोन्यू येथील अस्थींवरून मानले जाते. आईकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियल डीएनएच्या आधारे २०१२ मध्ये केलेल्या एका अंदाजानुसार या मूळ कळपातील माद्या जेमतेम ऐंशी असाव्यात.

वशिंडाची गुरे याच कळपातून निपजली, असे पूर्वी अनेकांना वाटे. त्या मताला मोठा धक्का १९९४ मध्ये बसला. दोन्ही गटांच्या मातृवंशांतील अंतर लाखो वर्षांचे, म्हणजे माणसाळण्यापूर्वीचेच असल्याचे तेव्हा दिसून आले. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे इ. स. पू. सातव्या-सहाव्या सहस्रकांच्या सुमारास गुरांच्या हाडांचा आकार क्रमाने लहान होत गेल्याचा, म्हणजे ती तेथेच माणसाळत गेल्याचा, पुरावाही याला पूरक आहे. अर्थात मातृवंशाचा पुरावा केवळ माद्यांविषयी बोलतो. पशुपालनाची कल्पना पश्चिमेकडून आली आणि स्थानिक रानगायी तेवढ्या कळपात घेतल्या गेल्या, ही शक्यता त्याने सर्वस्वी नाकारली जात नाही. तरीही उपलब्ध पुराव्याचा कल दोन स्वतंत्र उगमांकडे आहे.

आफ्रिकेतील तिसऱ्या उगमाचा पक्ष त्या मानाने दुर्बल आहे. इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातील नाब्ता प्लाया येथील हाडे पाळीव गुरांचीच आहेत, कारण माणसाने पाणी पुरविल्याशिवाय इतक्या रुक्ष प्रदेशात ती जगली नसती, असा पुरातत्त्वज्ञ फ्रेड वेंडॉर्फ यांचा युक्तिवाद होता. परंतु हाडे थोडी व मोडकी असून रानटी आणि पाळीव असा भेद त्यांवरून करणे अवघड आहे. आशियातून आलेल्या गुरांत स्थानिक ऑरॉक्सचे रक्त मिसळले, हे मत जनुकीय पुराव्याशी अधिक जुळते. आफ्रिकेतील वशिंडाच्या गुरांचा मातृवंश बिनवशिंडाच्या गटाचा निघतो. वशिंड तेथे प्रामुख्याने वळूंमार्फत पोहोचले, हेही येथे नोंदविण्याजोगे आहे.

माणसाने गुरे आधी मांसासाठी पाळली आणि दूध व ओढकाम यांचा उपयोग बऱ्याच काळानंतर सुरू झाला, असे पुरातत्त्वज्ञ अँड्र्यू शेरट यांनी १९८१ मध्ये प्रतिपादिले. वायव्य अनातोलियातील (आजच्या तुर्कस्तानातील) मातीच्या भांड्यांत मुरलेल्या स्निग्धांशांचे विश्लेषण २००८ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर दुधाचा वापर इ. स. पू. सातव्या सहस्रकापर्यंत मागे गेला. ओढकामाबद्दल मात्र शेरट यांचा क्रम बराचसा टिकून आहे.

या सर्व उपयोगांचे मूळ गुरांच्या चार कप्प्यांच्या जठरात आहे. पहिल्या मोठ्या कप्प्यातील सूक्ष्मजीव गवतातील सेल्युलोजाचे विघटन करतात, त्यामुळे माणसाला न पचणाऱ्या चाऱ्यातून दूध, मांस, शेण आणि श्रमशक्ती मिळते. याच प्रक्रियेत मिथेन वायूही तयार होतो. गुरे म्हणजे संपत्ती हे समीकरण भाषांतही उतरले आहे : लॅटिनमधील ‘पेकूनिया’ (पैसा) हा शब्द ‘पेकुस’ (गुरे) यावरून आला, तर ‘गायींची इच्छा’ असा अर्थ असलेला वैदिक ‘गविष्टि’ हा शब्द युद्धासाठीही योजला आहे.

गुरांच्या सहवासातून रोगांचीही देवाणघेवाण झाली. गोवर हा बुळकांडी या गुरांच्या साथरोगाच्या विषाणूच्या पूर्वजापासून उद्भवला असावा. बुळकांडीने १८९० च्या दशकात आफ्रिकेतील बहुसंख्य गुरे मारली. २०११ मध्ये तिचे जगातून उच्चाटन झाल्याचे घोषित करण्यात आले. उलटपक्षी, गोस्तन देवी या गायींच्या सौम्य रोगाच्या आधारे इंग्रज वैद्य एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये देवीची लस टोचली. लसीचे ‘व्हॅक्सीन’ हे नावही ‘व्हाका’ (गाय) या लॅटिन शब्दावरून पडले.

पद्धतशीर पैदास अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये पशुपैदासकार रॉबर्ट बेकवेल यांच्या काळापासून रूढ झाली आणि १८२२ मध्ये शॉर्टहॉर्न गुरांची वंशावळ-नोंदवही छापली गेली. कृत्रिम रेतनाने निवडक वळूंचा प्रसार प्रचंड वाढला. अमेरिकेतील होल्स्टीन वळूंचे पितृवंश जवळजवळ सर्वच १८८० च्या सुमारास जन्मलेल्या दोन वळूंपर्यंत जाऊन पोहोचतात.