पहिलं सिझर, म्हणून दुसरंही सिझरच?

'एकदा पोट फाडलं की पुढची बाळंतपणं तशीच', हे सासर-माहेर दोन्हीकडे ऐकू येतं. ते सरसकट खरं नाही.

हे वाक्य न्यूयॉर्कच्या डॉ. एडविन क्रेगिन यांनी 1916 साली लिहिलं. तेव्हा गर्भपिशवीवर वरच्या भागात उभा छेद घेत. तो व्रण पुढच्या कळांमध्ये उसवण्याची भीती मोठी. क्रेगिन यांचा रोख खरं तर पहिलंच सिझर विनाकारण करू नका, यावर होता. अपवादही त्यांनी नोंदवले होते. ते सगळे विसरले, वाक्य तेवढं उरलं!

आज छेद बहुधा पिशवीच्या खालच्या, पातळ भागावर आडवा असतो. असा एकच व्रण असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर कळांची वाट पाहणाऱ्या शंभरातल्या साधारण 60 ते 80 जणी नॉर्मल बाळंत होतात. व्रण उसवण्याचा धोका शंभरात एकीपेक्षाही कमी. पण उसवला तर आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततं. म्हणून चोवीस तास ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्ताची सोय असलेलंच रुग्णालय हवं. घरी हा प्रयत्न अजिबात नको.

पोटावरचा टाका पाहून आतला छेद कळत नाही. जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर 'एलएससीएस' असेल तर छेद खालच्या भागावरचा. पहिलं सिझर कशामुळे झालं, मध्ये किती अंतर गेलं, हेही डॉक्टरांना सांगा. दीड वर्षाच्या आत पुन्हा बाळंतपण आलं तर धोका वाढतो. सगळं ऐकून एखादीने सिझरच निवडलं, तर तिला नावं ठेवू नका.