शॅमरॉक समारंभ (व्हाइट हाउस)

सेंट पॅट्रिक दिनानिमित्त (१७ मार्च) आयर्लंडच्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना काचेच्या वाडग्यातून शॅमरॉक भेट देण्याची वार्षिक प्रथा. आयरिश भाषेत पंतप्रधानाला ‘टीशॉक’ म्हणतात. भेटीची किंमत नगण्य, पण तिच्या निमित्ताने पन्नास-पंचावन्न लाख वस्तीच्या देशाला राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत दरवर्षी हमखास वेळ मिळतो. बड्याबड्या देशांनाही अशी ठरलेली वेळ मिळत नाही. अमेरिकेत आयरिश वंश सांगणारे ३ कोटींहून अधिक लोक आहेत. प्रथा टिकण्याचे खरे कारण तेच.

शॅमरॉक म्हणजे तीन पानांचे कोवळे क्लोव्हर. आपल्याकडे दुभत्या जनावरांना घालतात ते बरसीम याच ट्रायफोलियम प्रजातीतले. आयर्लंडचा संरक्षक संत सेंट पॅट्रिक याने त्याच्या तीन पानांवरून ख्रिस्ती त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) समजावले, अशी आख्यायिका आहे. नशीबवान मानले जाणारे चार पानांचे क्लोव्हर वेगळे. शुभेच्छापत्रे छापणारे हमखास घोळ घालतात तो इथेच.

सुरुवात अगदी साधी होती. आयर्लंडचे अमेरिकेतील पहिले राजदूत जॉन हर्न यांनी १९५२ मध्ये शॅमरॉकची लहानशी पेटी व्हाइट हाउसला पाठवली. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन तेव्हा फ्लॉरिडातील ‘की वेस्ट’ या गावी होते, त्यामुळे भेट झालीच नाही. पुढच्या वर्षी हर्न यांनी ती आयझेनहॉवर यांच्या हाती दिली. नंतर बरीच वर्षे हे काम बहुधा राजदूतच करीत. टीशॉकने दरवर्षी जातीने जाण्याचा पायंडा १९९० च्या दशकात, क्लिंटन यांच्या काळात पक्का झाला.

दिवसाचा क्रम साधारण ठरलेला असतो. सकाळी उपराष्ट्राध्यक्षांकडे न्याहारी, मग ओव्हल ऑफिसात (राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत) पत्रकारांसमोर बैठक, दुपारी कॅपिटॉलमध्ये (संसद भवनात) प्रतिनिधिगृहाच्या सभापतींचे भोजन आणि संध्याकाळी व्हाइट हाउसच्या ईस्ट रूममध्ये वाडगा देणे. सभापतींच्या भोजनाची प्रथा तेव्हाचे सभापती टिप ओनील यांनी १९८३ मध्ये पाडली. एरवी अर्थसंकल्पावरून ज्यांच्याशी कडाक्याचे वाद चालत ते राष्ट्राध्यक्ष रेगन त्या दिवशी त्यांच्या पंक्तीला होते. १७ तारीख रविवारी आली किंवा काँग्रेसला (अमेरिकी संसदेला) सुटी असली की वेळापत्रक विसकटते. २०२४ मध्ये बैठक आणि भोजन शुक्रवारी १५ मार्चला उरकले, वाडगा मात्र रविवारी दिला. २०२५ मध्ये तर टीशॉक १२ मार्चलाच जाऊन आले.

समारंभानंतर सुरक्षा-नियमांप्रमाणे शॅमरॉक नष्ट केले जाते. वाडगा राष्ट्राध्यक्षांना मिळालेल्या इतर भेटींसोबत सरकारजमा होतो.

खरे राजकारण निमंत्रितांच्या यादीत असते. क्लिंटन यांनी जानेवारी १९९४ मध्ये शिन फेन या आयरिश राष्ट्रवादी पक्षाचे नेते जेरी ॲडम्स यांना ब्रिटनचा विरोध डावलून ४८ तासांचा व्हिसा दिला. ऑगस्टअखेरीस शिन फेनशी जोडलेल्या आयआरए या सशस्त्र संघटनेची शस्त्रसंधी आली आणि १९९५ च्या सेंट पॅट्रिक दिनी ॲडम्स व्हाइट हाउसात होते. उत्तर आयर्लंडची राजधानी बेलफास्ट येथे रॉबर्ट मकार्टनी यांच्या खुनानंतर (आळ आयआरएच्या माणसांवर होता), २००५ मध्ये, बुश यांनी ॲडम्स यांना वगळून मकार्टनींच्या बहिणींना बोलावले. न बोलावणे हासुद्धा निरोपच. ब्रिटनचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडचे नेते एरवी वॉशिंग्टनला येतात आणि बेलफास्टमध्ये एकमेकांशी न बोलणारे पुढारी इथे एकाच दालनात वावरतात.

फजितीही अनेकदा झाली आहे. २००९ मध्ये टीशॉक ब्रायन कावन यांच्या टेलिप्रॉम्प्टरवर ओबामांचेच भाषण आले आणि काही वाक्ये वाचून झाल्यावर त्यांच्या ते ध्यानात आले. २०२२ मध्ये टीशॉक मीहॉल मार्टिन यांची कोविड चाचणी आदल्या संध्याकाळच्या मेजवानीतच सकारात्मक आली. व्हाइट हाउससमोरच्या ब्लेअर हाउसमध्ये बसून त्यांना बायडेन यांच्याशी पडद्यावरून बोलावे लागले. एवढा प्रवास करून शेवटचा रस्ता तेवढा ओलांडता आला नाही!

मालवण तालुक्यातील वराड हे ज्यांच्या वडिलांचे मूळ गाव, त्या लिओ वराडकर यांनी टीशॉक म्हणून ही भेट ट्रम्प आणि बायडेन या दोघांनाही दिली. २०१८ च्या भोजनात त्यांनी सहज एक किस्सा सांगितला: आपण पर्यटनमंत्री असताना ट्रम्प यांनी त्यांच्या आयर्लंडमधील डूनबेग येथील गोल्फ मैदानाजवळच्या नियोजित पवनचक्क्यांबद्दल आपल्याला फोन केला होता आणि आपण पुढे शब्द टाकला. टाळ्या पडल्या, पण मायदेशी त्यावरून गदारोळ उठला आणि खुलासे करता करता पुरेवाट झाली. २०२४ मध्ये त्यांनी वाडगा देतानाच्या भाषणात गाझातील शस्त्रसंधीचा विषय काढला. यजमानांना अवघड वाटेल असे बोलणे या समारंभात सहसा टाळले जाते. त्यानंतर तीनच दिवसांनी, २० मार्चला, वराडकर यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले.