पार्श्वभूमी : पाच टक्क्यांची रेषा आणि बिअर पिणाऱ्याची बदलती चव

महाराष्ट्रात 1990 च्या दशकात बिअर प्यायला सुरुवात केलेल्या माणसाची वाटचाल बहुधा ठरावीक वळणांनी झालेली दिसते. विद्यार्थिदशेत दोघातिघांत वाटून घेतलेली 650 मिलिलिटरची स्ट्राँग (5 टक्क्यांहून जास्त अल्कोहोलची) बाटली, पगार सुरू झाल्यावर माइल्ड (5 टक्क्यांपर्यंतची), तिशीत कधीतरी गव्हाच्या बिअरचा ग्लास, आणि चाळिशी ओलांडल्यावर एखादी पिंट, म्हणजे 330 मिलिलिटरची छोटी बाटली, किंवा थेट व्हिस्कीचा पेग. वय वाढले की चव सुधारते, असे या बदलाचे स्पष्टीकरण दिले जाते आणि पिणारेही ते कौतुकाने सांगतात. जिभेचा त्यात वाटा आहेच. परंतु महाराष्ट्रापुरते बोलायचे तर उत्पादन शुल्काचे दर, परवान्यांचे नियम आणि बिअर शॉपीच्या फ्रीजमध्ये काय ठेवले जाते, यांचा वाटा जिभेपेक्षा मोठा मानावा लागेल.

बिअर इथे आली ती इंग्रजांच्या जहाजांतून. अठराव्या शतकाच्या अखेरीस पूर्व लंडनमधील बो येथून निघालेली, हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि गंध देणाऱ्या फुलांचा, भरपूर वापर केलेली पेल एल ही फिकट रंगाची बिअर हिंदुस्थानच्या बंदरांत उतरत असे आणि गोरे अधिकारी व व्यापारी ती पीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कसौलीच्या थंड डोंगरात बिअरचा कारखाना निघाला. दरम्यान 1842 मध्ये बोहेमियातील पिल्सन येथे तयार झालेल्या सोनेरी, नितळ लागरने (कमी तापमानात सावकाश आंबवलेल्या बिअरने) जगभर इतर प्रकारांना मागे टाकले, आणि स्वातंत्र्यानंतर भारतात जी बिअर रुजली ती या लागरचीच सौम्य आवृत्ती होती. बार्लीच्या माल्टला (मोड आणून वाळवलेल्या धान्याला) तांदूळ, मका किंवा साखरेची जोड द्यायची, हॉप्स हात राखून घालायचे आणि कडवटपणा जेमतेम जाणवेल इतकाच ठेवायचा, ही तिची कृती. पुढच्या दोन पिढ्यांना बिअरची ओळख या एकाच चवीतून झाली.

महाराष्ट्रात या चवीवर दारूबंदीची सावलीही होती. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा पुढे बराच सैल झाला, तरी त्याचा सांगाडा कायम राहिला; आजही कागदोपत्री बिअर पिण्यासाठी परवाना लागतो आणि एका दिवसाचा परवाना 5 रुपयांत मिळतो. परमिट रूम हे नाव त्याच व्यवस्थेतून आले. अंधाऱ्या खोलीत, रस्त्याकडे पाठ करून, शेंगदाणे किंवा उकडलेल्या अंड्याच्या चखण्याबरोबर बाटली संपवायची, अशा वातावरणात चवीची चर्चा होणे शक्य नव्हते. 1978 मध्ये नव्या रूपात बाजारात आलेल्या किंगफिशरपासून पुढच्या बहुतेक बाटल्यांचा निवाडा एकाच कसोटीवर होत असे. वेटर बाटली टेबलावर ठेवी, ग्राहक तिच्या पोटाला तळहात लावून पाही आणि पुरेशी चिल्ड वाटली तरच झाकण उघडू देई. ही पद्धत अजूनही सर्रास दिसते.

चिल्डचा हा आग्रह केवळ उन्हामुळे नव्हता. विदर्भात आणि मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो, आणि कारखान्यातून निघालेली बिअर ट्रकमध्ये, गोदामात व दुकानाच्या मागच्या खोलीत त्याच उष्णतेत पडून राहते. उष्णतेने आणि बाटलीत उरलेल्या प्राणवायूने बिअर शिळी होते व तिला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो. बर्फाइतकी थंड बिअर जीभ बधिर करते, त्यामुळे हा दोष झाकला जातो, आणि त्याबरोबर माल्टचा गोडवा व हॉप्सचा गंधही झाकला जातो. गमतीचा भाग असा की, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जवळचा वाळूजचा परिसर देशातील बिअर उत्पादनाच्या मोठ्या केंद्रांपैकी एक असूनही, पिंपापासून काही किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाला ताजी बिअर कशी लागते हे कळण्याची सोय नव्हती.

या साऱ्यात सर्वांत वादग्रस्त ठरलेली गोष्ट म्हणजे पाच टक्क्यांची रेषा. भारतीय मानकांनुसार 5 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बिअर माइल्ड, आणि 5 पेक्षा जास्त व 8 टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग. 2018 मध्ये अन्नसुरक्षेच्या नियमांत मद्यांची मानके आली आणि 2019 पासून लागू झाली, तेव्हाही ही विभागणी तशीच ठेवण्यात आली. राज्याचे उत्पादन शुल्क याच रेषेवर दोन दरांत विभागले गेले. वयाची अटही तिच्यावरच बेतली गेली: महाराष्ट्रात वाइन आणि माइल्ड बिअरसाठी 21 वर्षे, तर स्ट्राँग बिअर आणि इतर मद्यांसाठी 25 वर्षे. 2011 मध्ये राज्याच्या व्यसनमुक्ती धोरणाच्या निमित्ताने ही अट पुन्हा चर्चेत आली, मतदान आणि लग्न करू शकणाऱ्या नागरिकाला 25 व्या वर्षापर्यंत अल्पवयीन का समजावे, असा प्रश्न विचारला गेला आणि प्रकरण न्यायालयातही गेले.

कायदा करणाऱ्यांच्या मनातला क्रम उघड आहे: तरुणाने सौम्य पेयाने सुरुवात करावी आणि तीव्र पेयाकडे वळायचेच असेल तर उशिरा वळावे. प्रत्यक्षात बाजाराने हा क्रम उलटा केला, आणि त्याचे कारण साध्या गणितात आहे. 650 मिलिलिटरच्या 5 टक्क्यांच्या बाटलीत शुद्ध अल्कोहोल 32.5 मिलिलिटर असते. त्याच आकाराच्या 8 टक्क्यांच्या बाटलीत 52 मिलिलिटर, म्हणजे 60 टक्के जास्त. स्ट्राँगवरचा कर जास्त असला तरी दुकानातील किमतीत 60 टक्क्यांचा फरक कधीच नसतो. ज्याच्या खिशात महिनाअखेरीस एकाच बाटलीचे पैसे आहेत, त्याने काय निवडावे हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. 1980 च्या दशकात हेवर्ड्स 5000 सारख्या बाटल्यांनी ही मागणी ओळखली आणि आजही देशात खपणाऱ्या बिअरचा फार मोठा हिस्सा स्ट्राँगचाच आहे. नियमाप्रमाणे जी 25 नंतर प्यायची, ती बहुतेकांनी आधीच पिऊन घेतलेली असते, आणि कायद्याने सुरुवातीसाठी नेमलेल्या माइल्डकडे ते तिशीच्या सुमारास, हाती थोडा पैसा आल्यावर, येतात.

या रेषेचा दुसरा परिणाम कमी बोलला जातो, पण चवीच्या दृष्टीने तो जास्त नुकसानकारक आहे. एकदा 5 टक्के ओलांडले की साडेपाच काय आणि आठ काय, वर्ग एकच. मग कारखान्याने मध्ये का थांबावे? वर्षानुवर्षे लेबलवर ‘5 टक्क्यांहून अधिक व 8 टक्क्यांपर्यंत’ एवढाच मोघम मजकूर छापलेला असे, आणि बाटलीत नेमके किती आहे हे ग्राहकाला त्यावरून कळत नसे. इंग्लंड, बेल्जियम आणि जर्मनीतील अनेक नावाजलेले प्रकार नेमके साडेपाच ते सातच्या पट्ट्यात बसतात. आपल्याकडे त्या पट्ट्यात उरली ती साखरेच्या किंवा मक्याच्या जोरावर अल्कोहोल वाढवलेली, गोडसर, जड लागर. हॉप्सने कडू झालेली साडेसहा टक्क्यांची इंडिया पेल एल आणि ही गोडसर बाटली यांच्यात नाव सोडल्यास काहीही समान नाही, तरी कायद्याच्या लेखी दोन्ही स्ट्राँग.

या पद्धतीविरुद्ध बिअर उद्योगाचा युक्तिवाद असा की, कर बाटलीतल्या प्रत्यक्ष अल्कोहोलवर लावावा, म्हणजे सौम्य बिअर आपोआप स्वस्त होईल आणि लोक व्हिस्की-रमकडून तिच्याकडे वळतील. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांचे म्हणणे याच्या विरुद्ध आहे: स्वस्त बिअर ही तरुणांसाठी उघडलेली पहिली पायरी ठरते. दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे, हे नाकारता येत नाही. परंतु सध्याची दोन कप्प्यांची पद्धत त्या चिंतेचेही निवारण करत नाही, कारण पहिली पायरी म्हणून ती नेमकी जास्त तीव्र बाटलीच पुढे करते.

स्ट्राँगभोवती एक दंतकथाही तयार झाली. बाटलीत ग्लिसरीन घातलेले असते, अशा समजुतीने पाण्याने भरलेल्या ग्लासात बाटलीचे तोंड बुडवून ती उलटी धरायची, आणि काकवीसारखी दाट धार तळाशी उतरताना दिसली की ग्लिसरीन निघाले म्हणायचे, हा प्रयोग वसतिगृहांतून पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. दिसते ती धार बिअरचीच असते. न आंबलेल्या शर्करेमुळे बिअर पाण्यापेक्षा किंचित जड असते, म्हणून ती खाली जाते आणि पाणी वर चढते. प्रयोगानंतर बिअर हलकी लागते याचेही कारण तेच: तिच्यात पाणी मिसळलेले असते.

आता जिभेच्या वाट्याबद्दल. कडू चव नाकारणे हे माणसात जन्मजात असते, कारण निसर्गातील अनेक विषे कडू असतात. तान्हे मूलही कडू थेंबावर तोंड वाकडे करते. कारले असो, कॉफी असो की हॉप्स, त्यांची गोडी लागते ती वारंवारच्या परिचयाने आणि त्यानंतर येणाऱ्या सुखद परिणामाशी मेंदूने जोडलेल्या नात्यामुळे. बिअरच्या बाबतीत तो परिणाम अल्कोहोल पुरवतो. म्हणून नवखा पिणारा गोडसर, थंड आणि परिणामकारक बाटली शोधतो, आणि सरावल्यावर त्याला तोच गोडवा चिकट वाटू लागतो. पण सराव होण्यासाठी कडू बिअर आधी समोर यावी लागते. लागरखेरीज काही मिळतच नसलेल्या शहरात जिभेने कुठे जायचे होते?

ती वाट मोकळी झाली 2009 मध्ये, पुण्याच्या उंड्री भागात राज्यातील पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली तेव्हा. ग्राहकाच्या डोळ्यांसमोर तांब्या-स्टीलच्या टाक्यांत बनलेली, न गाळलेली, काही दिवसांचीच बिअर ग्लासात मिळू लागली. तेथे सर्वाधिक पसंती मिळाली ती गव्हाच्या बिअरला, आणि ते स्वाभाविक होते. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमधील यीस्ट आंबवताना केळ्याचा आणि लवंगेचा गंध निर्माण करते. बेल्जियन पद्धतीत धणे आणि संत्र्याची साल घालतात. कडवटपणा दोन्हींत कमी. धणे, लवंग, केळे हे गंध मराठी स्वयंपाकघराला परके नाहीत, त्यामुळे हॉप्सच्या कडूपणाशी झगडा न करता लागरबाहेरची पहिली चव लोकांच्या गळी उतरली. 2015 मध्ये गव्हाची बिअर बाटलीबंद होऊन, सुरुवातीला बेल्जियममध्ये बनून, मोठ्या शहरांच्या दुकानांत पोहोचली, आणि पाठोपाठ मोठ्या कंपन्यांनीही तशाच बाटल्या काढल्या.

गव्हानंतर पेल एल, त्यानंतर स्टाउट (भाजलेल्या माल्टची काळपट बिअर) आणि इंडिया पेल एल, अशी चढण पुण्या-मुंबईतील अनेकांनी चढली. दोन शतकांपूर्वी इंग्रजांसाठी बंदरात उतरणारा प्रकार कल्याणीनगर आणि अंधेरीतील तरुण नव्याने शिकत होते. ही चढण चढणाऱ्यांमध्ये स्ट्राँगवाल्यांकडे तुच्छतेने पाहण्याची खोडही रुजली, आणि ती अनाठायी आहे. बीड किंवा गोंदियातील बिअर शॉपीत दोन-चार लागरांपलीकडे काही मिळत नसेल, तर तेथील ग्राहकाची चव विकसित झालेली नाही असे म्हणणे म्हणजे ज्याला वाचनालयच दिले नाही त्याला अडाणी ठरवण्यासारखे आहे.

चाळिशीनंतरचा बदल पुष्कळदा चवीचा नसतोच. वर सांगितलेल्या 52 मिलिलिटर अल्कोहोलचे वजन सुमारे 41 ग्रॅम भरते आणि त्याचेच जवळपास 290 कॅलरी होतात. शर्करेच्या त्याहून वेगळ्या. पोट सुटते, आम्लपित्त होते, रक्तातील साखरेचा अहवाल हातात पडतो, आणि माणूस 330 मिलिलिटरच्या पिंटवर येतो किंवा पेगकडे वळतो. 42.8 टक्क्यांच्या 60 मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे 26 मिलिलिटर अल्कोहोल असते, म्हणजे माइल्डच्या पूर्ण बाटलीपेक्षा थोडे कमी. परंतु पेग क्वचितच एकावर थांबतो. 2019 च्या सुमारास अल्कोहोलविरहित बिअरच्या बाटल्याही इथे आल्या, आणि त्यांचा एक गिऱ्हाईकवर्ग गाडी चालवून घरी जाणाऱ्या, पूर्वी स्ट्राँग पिणाऱ्या पन्नाशीतील पुरुषांचा आहे.

अलीकडच्या दोन निर्णयांनी हे गणित पुन्हा हलवले आहे. शुल्कवाढीनंतर बिअरचा खप आणि महसूल घटल्याचे कारण देऊन राज्य सरकारने ऑक्टोबर 2023 मध्ये बिअरवरील शुल्क कमी करण्याबाबत अभ्यासगट नेमला आणि त्यावर विरोधकांनी टीकेची झोड उठवली. जून 2025 मध्ये मात्र देशी बनावटीच्या विदेशी मद्यावरील, म्हणजे इथेच बनणाऱ्या व्हिस्की, रम वगैरेंवरील, शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचार पटीवर नेण्यात आले आणि त्याच्या 180 मिलिलिटरच्या क्वार्टरची किमान किंमत 205 रुपये ठरली. बिअर आणि वाइन या वाढीतून वगळल्या गेल्या. पेगकडे गेलेला चाळिशीतला ग्राहक यामुळे बाटलीकडे परतला, तर त्याच्यासमोर पुन्हा तेच दोन कप्पे आहेत, कारण पाच टक्क्यांच्या रेषेला या निर्णयातही कोणी हात लावलेला नाही.